दरी, गर्ता, विवर, पोकळी, अवकाश: कोणता शब्द कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विज्ञानलेख आणि प्रवासवर्णनं मराठीत आणताना ‘ॲबिस’, ‘चॅझम’, ‘व्हॉइड’, ‘स्पेस’ असे शब्द आले की कोश एका दमात दरी, गर्ता, विवर, पोकळी, अवकाश असे पाच पर्याय पुढे करतो. त्यांतला कुठला कुठे घ्यायचा, आणि वाक्य ओढूनताणून आणल्यासारखं वाटू नये म्हणून काय बघायचं?

भूगोल आणि विज्ञानाचा मजकूर तपासणं हे माझं रोजचं काम. या शब्दांची सरमिसळ माझ्यापुढे सतत येते आणि तिचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. लिहिणारा जागेचा आकार बघतो: मोठी असेल तर दरी, फारच खोल असेल तर गर्ता, अवाढव्य असेल तर पोकळी. मराठी शब्द मात्र आकारावरून ठरलेले नाहीत, ते कडेवरून ठरलेले आहेत. त्या रिकाम्या जागेला तोंड आहे का, तिला काठ किती, तळ आहे का, तिच्यात पाणी आहे की हवा, आणि बघणारा काठावर उभा आहे की आत आहे, एवढं विचारलं की पाचांतले तीन पर्याय आपोआप गळतात.

दरीपासून सुरुवात करू. दरीला दोन काठ लागतात. अलीकडे एक डोंगर, पलीकडे दुसरा, मध्ये खोलगट भाग. म्हणून लाक्षणिक अर्थानंही दरी दोघांमध्येच पडते: भावाभावांत दरी पडली, श्रीमंत आणि गरीब यांच्यातली दरी रुंदावली, ती बुजवायला हवी. इथे खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची, कारण प्रश्न पलीकडे पोहोचण्याचा असतो. गर्तेला पलीकडचा काठ नसतो. तिथे फक्त पडणं असतं. निराशेच्या गर्तेत, कर्जाच्या गर्तेत, विनाशाच्या गर्तेत माणूस सापडतो किंवा लोटला जातो. ‘दोन पिढ्यांमधली गर्ता’ हे वाक्य कानाला खटकतं ते यामुळेच. उलट ‘तो व्यसनाच्या दरीत कोसळला’ हे व्याकरणात बसतं, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खरोखरचा डोंगर उभा राहतो आणि रूपक लंगडं पडतं.

दरी आणि खोरं यांचीही अशीच गल्लत होते, कारण इंग्रजीत दोघांना एकच ‘व्हॅली’ चालते. खोरं म्हणजे नदी आणि तिच्या उपनद्या ज्या भागातलं पाणी गोळा करतात तो सगळा मुलूख. त्यात गावं असतात, शेती असते. कृष्णा खोरं, गोदावरी खोरं, काश्मीर खोरं. माणसं खोऱ्यात राहतात आणि दरीत पडतात. ‘काश्मीर दरीत तणाव’ असं भाषांतर कुठे दिसलं तर ते न कचरता दुरुस्त करावं.

सह्याद्रीमुळे मराठीला उताराच्या शब्दांची चणचण कधीच नव्हती. दोन डोंगरांमधून आरपार जायला वाट देते ती खिंड. उभ्या भिंतींमधली अरुंद आणि खोल वाट नदीनं कापून काढलेली असेल तर भूगोलात ती घळई. डोंगरावर चढणारी मंडळी तीव्र उताराच्या, दगडधोंड्यांनी भरलेल्या ओहोळाला घळ म्हणतात, आणि तीच घळ शिवथरघळीत गुहेचा अर्थ घेऊन येते. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत ‘नळी’ आहे: दोन्ही बाजूंना कातळ आणि मधून चढत जाणारी चिंचोळी जागा. कपार ही कातळातली फट किंवा खोबण, आत फार शिरता न येणारी. जिच्यात शिरून बसता येतं ती गुहा. एकीकडून शिरून दुसरीकडून बाहेर पडता येतं तो बोगदा, आणि जमिनीखालून छुपं जातं ते भुयार. सांधण दरीला भूरूप म्हणून घळई म्हटलं तर बरोबर ठरेल, पण ते विशेषनाम आहे. विशेषनामाला परिभाषेचा नियम लावून बदलू नये.

नदीच्या पात्रात दगडगोटे भोवऱ्यात फिरून कातळाला गोल खळगे पाडतात. त्यांना परिभाषेत रांजणखळगे म्हणतात, कुकडी नदीवरच्या निघोजचे प्रसिद्ध आहेत. हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात तोंड, पोट आणि तळ तिन्ही दिसतात. परिभाषा घडवणाऱ्यानं आधी ती जागा डोळ्यांनी बघितली असली पाहिजे, असं तो शब्द वाचतानाच वाटतं. हिमनदीनं डोंगराच्या कुशीत कोरलेल्या खुर्चीसारख्या भागाला हिमगह्वर म्हणतात, तोही त्याच तोडीचा. जमिनीचा मधला भाग खचून तयार होते ती खचदरी. नर्मदेचं नाव त्यासाठी घेतात. ‘खच’ या दोन अक्षरांत तिची सगळी घडण आली.

आता समुद्र. सागरतळावरच्या खोल, अरुंद, तीव्र उताराच्या भागांसाठी शालेय भूगोलात दोन शब्द आहेत: तुलनेनं कमी खोल तो सागरी डोह, आणि जास्त खोल व दूरवर पसरलेली ती सागरी गर्ता. मरियाना गर्ता पॅसिफिक महासागरात आहे. तिच्यातल्या चॅलेंजर नावाच्या सर्वांत खोल भागाची खोली सुमारे 10,900 मीटर आहे. 23 जानेवारी 1960 रोजी जॅक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघं ‘त्रिएस्त’ या पाणबुड्या यानातून तिथे उतरले. माणूस तिथे पोहोचण्याची ती पहिलीच वेळ. 8,849 मीटरचं एव्हरेस्ट तिथे ठेवलं तरी त्याच्या शिखरावर दोन किलोमीटर पाणी उरेल. अशा मजकुरात ‘मरियाना दरी’ किंवा ‘मरियाना खड्डा’ लिहिलेलं आढळतं. दोन्ही टाळा. खड्डा उथळ असतो आणि बहुधा कुणीतरी खणलेला किंवा पडलेला असतो, आणि गर्ता हा शब्द परिभाषेत पक्का झालेला आहे.

डोहाची गोष्ट जरा निराळी. रोजच्या मराठीत डोह नदीचा असतो: जिथे प्रवाह मंदावतो, पाणी खोल आणि काळसर दिसतं, वर शांत आणि खाली काय आहे ते कळत नाही. डोहाला पाणी हवंच. कोरडा डोह ही कल्पनासुद्धा मनाला नीट पटत नाही. म्हणून ‘आठवणींचा डोह’ चालतो, कारण आठवणी पाण्यासारख्या साचतात. ‘अंधाराचा डोह’ही चालतो. ‘बेकारीचा डोह’ मात्र लिहू नका, तिथे गर्ताच हवी.

विवराला तोंड असणं ही मुख्य अट. काहीतरी आत जातं किंवा बाहेर येतं, असा त्याचा भाव आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार हे बेसाल्ट खडकात अशनी, म्हणजे आकाशातून पडलेला दगड, आदळून झालेलं विवर आहे, त्याचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. आता त्यात सरोवर असल्यामुळे लोणार सरोवर म्हणा किंवा लोणारचं विवर म्हणा, दोन्ही योग्य. फक्त वाक्य पाण्याविषयी आहे की घडणीविषयी, हे बघून ठरवा. पाण्याचा खारटपणा, पक्षी, शेवाळ यांच्याविषयी लिहिताना सरोवर, आणि आघात, कडा, खडक यांच्याविषयी लिहिताना विवर. चंद्रावर असतात तीही विवरंच. त्यांना ‘खड्डे’ म्हणणं लहान मुलांच्या पुस्तकात खपेल, बाकी ठिकाणी नको.

कृष्णविवर हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो बदलण्याचा विचारही करू नये. खरं तर तिथे भोक नाही, पोकळीही नाही. उलट प्रचंड वस्तुमान अत्यंत लहान जागेत दाटलेलं असतं. तरी विवर हा शब्द त्याला शोभतो, कारण एकदा घटना क्षितिजाच्या, म्हणजे त्याच्याभोवतीच्या परतीची वाट नसलेल्या सीमेच्या, आत गेलेलं बाहेर येत नाही, आणि आत जाण्याचा भाव विवरात आधीपासून आहे. 10 एप्रिल 2019 रोजी ‘एम 87’ या दीर्घिकेतल्या, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहातल्या, कृष्णविवराची पहिली प्रतिमा प्रसिद्ध झाली, तेव्हा काही ठिकाणी ‘काळे छिद्र’ असं छापलेलं दिसलं. छिद्र म्हणजे आरपार गेलेलं लहानसं भोक. त्यातून पलीकडचं दिसतं. इथे नेमकं तेच घडत नाही.

छिद्र आणि भोक यांचा आणखी एक चुकलेला वापर ओझोनच्या बाबतीत सर्रास होतो. अंटार्क्टिकावर वसंत ऋतूत ओझोन कमालीचा घटतो, हे 1985 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केलं आणि 1987 मध्ये माँट्रियल करार झाला. तेव्हापासून ‘ओझोनच्या थराला भगदाड’ हा मथळा ठरूनच गेला आहे. भगदाड भिंतीला पडतं, खिंडार तटाला पडतं. दोन्हींना तुटलेल्या, स्पष्ट कडा असतात. ओझोनचा थर तसा फुटत नाही, तो विरळ होतो. मथळ्यात जागा कमी असते हे मान्य आहे, पण मजकुरात तरी ‘थर विरळ झाला’ असं लिहावं. वाचकाच्या मनात आकाशात खरोखरचं भोक आहे असं चित्र एकदा बसलं की ते पुसणं कठीण जातं.

पोकळीकडे येऊ. पोकळी चहूबाजूंनी वेढलेली असते. दरी उघडी, विवराला तोंड, पोकळीला मात्र सभोवती काहीतरी भरीव हवं, म्हणजे आतलं रितेपण जाणवतं. बांबूच्या पेरात पोकळी असते, भिंतीत असते, दातात असते. म्हणून एखादा मोठा माणूस गेल्यावर ‘पोकळी निर्माण झाली’ म्हणतात: भोवतालचं जग तसंच आहे, मधली त्याची जागा तेवढी रिकामी. हा प्रयोग मुळात सुंदर होता. ‘कधीही भरून न येणारी’ हे शेपूट लावून लावून आपण त्याचा जीव काढला. श्रद्धांजलीपर मजकुरात मी ते शेपूट काढतो आणि त्या माणसाचं रोजचं काम आता कोण करणार, हे लिहायला सांगतो.

‘पोकळ’ हे विशेषण वापरताना सावध राहा. पोकळ म्हणजे बाहेरून भरीव दिसणारं, आतून रिकामं. पोकळ आश्वासन, पोकळ डौल. म्हणून ‘अणू पोकळ असतो’ हे वाक्य दिशाभूल करतं: वाचक एक कवच कल्पितो आणि आत काहीच नाही असं समजतो. 1911 मध्ये रदरफर्ड यांनी अणुकेंद्राची कल्पना मांडली तेव्हा चित्र याच्या उलट निघालं. मधोमध अतिशय छोटं, जड केंद्रक, अणूच्या मानानं जवळजवळ लाखपट लहान, आणि भोवती मोकळी जागा. ‘अणूचा बहुतांश भाग रिकामा असतो’ हे सरळ वाक्य तिथे सर्वांत चांगलं. जीवशास्त्रात पेशीतल्या रिक्तिकेचं नाव ‘रिक्त’वरून आलं आहे, पण ती रिती नसते, तिच्यात द्रव असतो. तिच्याविषयी लिहिताना नावाच्या ओघात ‘रिकामी पिशवी’ असं लिहून जाऊ नका. प्राण्यांच्या शरीरातल्या मोकळ्या जागेला देहगुहा म्हणतात. तिथे पोकळी असा शब्द सुचला तरी अभ्यासक्रमातली संज्ञाच ठेवावी.

निर्वात म्हणजे जिथली हवा काढून टाकलेली आहे ते. निवात म्हणजे वारा न लागणारी जागा. एका रफारानं अर्थ बदलतो, आणि टंकलेखनात तो रफार नेमका गळतो. ‘निर्वातातील प्रकाशाचा वेग’ हे योग्य. ताऱ्यांमधल्या जागेला सरसकट निर्वात म्हणू नये, ‘जवळजवळ निर्वात’ म्हणावं, कारण तिथेही विरळ वायू आणि धूळ असते.

सर्वांत जास्त प्रश्न येतात ते अवकाश आणि अंतराळ यांच्यावर. अवकाश म्हणजे मुळात वाव, मोकळीक. मराठीनं हा शब्द जागेइतकाच काळासाठीही वापरला. ‘लग्नाला अजून अवकाश आहे’, ‘यथावकाश कळवतो’, ‘तिनं हाक मारायचा अवकाश, की पोरं धावलीच’. सावकाश म्हणजे अवकाशासहित, मुभा घेऊन. हिंदीत हाच शब्द रजेसाठी आहे, म्हणून हिंदीवरून केलेल्या अनुवादात ‘ग्रीष्मकालीन अवकाश’ चुकून तसाच राहतो. तिथे उन्हाळी सुट्टी हवी.

अंतराळ म्हणजे दोहोंच्या मधली जागा. जुन्या मंदिराच्या रचनेत गर्भगृह आणि मंडप यांच्यामधल्या छोट्या दालनाला अंतराळ म्हणतात. उभं राहून बघा: मागे मंडपात माणसं, पुढे गाभारा, आणि आपण कुठल्याच जागेचे नाही अशा मधल्या दगडी चौकोनात. त्रिशंकू अंतराळी लटकतो तोही असाच, ना स्वर्गात ना पृथ्वीवर. हा ‘मध्ये असण्याचा’ भाव लक्षात ठेवला तर निवड सोपी होते. पृथ्वीपासून सुटून ग्रहांच्या, ताऱ्यांच्या मध्ये वावरणाऱ्या माणसासाठी आणि यानासाठी अंतराळवीर, अंतराळ स्थानक, अंतराळ संशोधन हे शब्द जास्त नेमके आहेत. काळाशी जोडलेली, गणित-भौतिकातली ‘स्पेस’ असेल तर अवकाश: अवकाश-काल, अवकाशाची वक्रता. अवकाशयान, अवकाश मोहीम हेही रूढ आहेत आणि चुकीचे नाहीत. एका लेखात मात्र एकच निवडा. पहिल्या परिच्छेदात अवकाशवीर, तिसऱ्यात अंतराळवीर असं झालं की वाचक दोन वेगळ्या गोष्टी शोधू लागतो.

आकाश आणि आभाळ यांची गल्लत ऐकणाऱ्याला लगेच कळते, लिहिणाऱ्याला कळत नाही. आभाळ ‘अभ्र’पासून, म्हणजे ढगापासून आलं आहे. आभाळ येतं, भरून येतं, फाटतं, दाटतं. आकाश यांतलं काही करत नाही. ते निरभ्र असतं, ठेंगणं होतं, पंचमहाभूतांत गणलं जातं. वेदान्तात घटाकाश आणि महाकाश असा दृष्टान्त देतात: घड्यातली मोकळी जागा आणि बाहेरची मोकळी जागा एकच, मध्ये फक्त मातीची कड. ‘ख’ या एकाक्षरी शब्दातही असंच काही आहे. त्याचा अर्थ छिद्रही होतो आणि आकाशही, खगोल आणि खग त्यातूनच आले. संख्या शब्दांनी सांगण्याच्या जुन्या पद्धतीत ख, गगन, अंबर हे शून्यासाठी वापरत, आणि भास्कराचार्यांनी 12व्या शतकात शून्यानं भागलेल्या राशीला खहर म्हटलं. आकाश आणि शून्य यांना एकच अक्षर पुरावं, हे मला आजही थक्क करतं.

वर्णनातली विशेषणंसुद्धा कडेचंच ऐकतात. अथांगमध्ये थांग नाही, म्हणजे तळ लागत नाही. अपारमध्ये पार नाही, म्हणजे पलीकडचा काठ नाही. असीममध्ये सीमा नाही, अनंतमध्ये शेवट नाही. प्रत्येक शब्द काय हरवलं आहे ते सांगतो. म्हणून होडीतून खाली वाकून बघणाऱ्याला समुद्र अथांग वाटतो आणि किनाऱ्यावरून समोर बघणाऱ्याला अफाट किंवा अपार. ‘अथांग वाळवंट’ आणि ‘अथांग आकाश’ कवितेत कुणी लिहिलं तर मी हात लावणार नाही, गद्यात लिहिलं तर खूण करीन. अगाध हा शब्दही मुळात पाय न टेकणाऱ्या पाण्याचाच, पण मराठीत तो ज्ञान, लीला, महिमा यांच्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

खालच्या दिशेचे जुने शब्द म्हणजे सप्तपाताळ: अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल, पाताल. त्यांतले दोनच बोलण्यात टिकले. रसातळाला जातो तो ऱ्हास होऊन, स्वतःच्या कर्मानं. आकाशपाताळ एक करतो तो जिद्दीनं किंवा थयथयाटानं. पाताळयंत्री माणसात खोली आहे ती कपटाची. ‘खाणकामगार रसातळात उतरले’ असं लिहिलं तर भलताच अर्थ होईल.

माणसाच्या आतल्या रितेपणासाठी इंग्रजीतला ‘व्हॉइड’ आला की नाम शोधत बसू नका, मराठी इथे क्रियापदांनी बोलते. जवळचं माणूस गेल्यावर घर खायला उठतं. वाईट बातमी कळली की पोटात खड्डा पडतो. काही न दिसता माणूस शून्यात बघतो. गाव ओस पडतं, रस्त्यावर शुकशुकाट होतो, घर सुनंसुनं वाटतं. ओस आणि शुकशुकाट यांत आधी तिथे वर्दळ होती हे गृहीत आहे, म्हणून मुळातच निर्जन असलेल्या बेटावर शुकशुकाट असू शकत नाही. मैदान मोकळं असतं तेव्हा खेळायला वाव असतो. मैदान रिकामं असतं तेव्हा ज्यांनी यायचं होतं ते आलेले नसतात.

विश्वरचनेच्या लेखांत दीर्घिकांच्या जाळ्यामधल्या प्रचंड रिकाम्या भागांचा उल्लेख येतो. त्यांना काय म्हणायचं, हा तुमच्या प्रश्नातला सर्वांत अवघड भाग. भूतप तारकासमूहाच्या दिशेला 1981 मध्ये असा एक भाग सापडला, त्याचा विस्तार सुमारे 33 कोटी प्रकाशवर्षं आहे. अवकाश म्हणावं तर ते सगळीकडेच आहे. गर्तेत खाली पडणं येतं, विवराला तोंड लागतं. इथे भोवती दीर्घिकांच्या भिंती आहेत आणि मध्ये दीर्घिका अगदी तुरळक, म्हणून पोकळीच बरोबर. पहिल्या उल्लेखात ‘भूतप महापोकळी’ लिहा, ती पूर्ण रिती नाही हे पुढच्याच वाक्यात सांगा, आणि पुढे नुसतं पोकळी ठेवा. रूपं तेवढी सांभाळा: गर्ता – गर्तेत, विवर – विवरं किंवा विवरे, पोकळी – पोकळ्या. ‘गर्तामध्ये’ आणि ‘पोकळींमध्ये’ ही रूपं तपासताना हमखास सापडतात. पहिल्याच्या जागी गर्तेमध्ये आणि दुसऱ्याच्या जागी पोकळ्यांमध्ये करा.